काळी चार

“तुझी ढोलकी हल्ली ढिली बोलते,” भोंग्याने एकदाचं सांगून टाकलं. “कार्यक्रम तोंडावर आलेत. राग मानू नकोस, पण या वेळी ढोलकीला दुसरं कुणीतरी बसेल.”

ढोलकीच्या दोऱ्यांवरच्या कड्या सरकवणारे टिचक्याचे हात थांबले. शिंप्याच्या दुकानावरच्या या खोलीत तिघांची हयात गेली होती. भोंगा गायला, मास्तर पेटीला, टिचक्या ढोलकीला. भोंग्याला हे नाव त्याच्या आवाजावरून पडलेलं. त्याने वरचा सूर लावला की खालचा शिंपी मशीन थांबवायचा, आधी दोन शिव्या हासडायचा आणि मग कान देऊन ऐकायचा. टिचक्याला त्याचं नाव बोटांनी दिलं होतं. तालमीला तो नेहमी सगळ्यांच्या आधी यायचा. भोंगा जिना चढू लागला की वरून त्या कड्यांची खरखर ऐकू यायची. टिचक्या ढोलकी ताणून सुरात चढवतोय, म्हणजे आज मजा येणार, असं भोंग्याला वाटायचं.

आणि तीच ढोलकी आता भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वाजत होती. आपला आवाज या वयातही काळी चारच्या चढ्या पट्टीला जसाच्या तसा उभा आहे आणि दोस्ताची बोटं मात्र थकली, याचं भोंग्याला वाईट वाटत होतं. पण तीन गावचे तीन कार्यक्रम ठरले होते. जुने-नवे मित्र एकाच रंगमंचावर येणार होते. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला सकाळी उठावंसं वाटत होतं. तिथे कसर राहून चालणार नव्हतं.

टिचक्याने वाद घातला नाही. “थकली असतील बोटं,” एवढंच म्हणाला. ढोलकीला खोळ घालता घालता त्याने विचारलं, “नव्या माणसाला पट्टी सांगितलीस?”

“सांगायचं काय त्यात? काळी चार. जन्मभर तीच तर गातोय.”

टिचक्याने मास्तरकडे पाहिलं. मास्तर नसलेली धूळ पेटीवरून पुसत बसला.

“हो, तीच,” टिचक्या म्हणाला आणि ढोलकी खांद्याला अडकवून जिना उतरला.

नवी ढोलकीवाली तरुण होती, हाताची पक्की. तिने फोनवर सूर लावून ढोलकी मिळवली आणि थाप मारली. खोली टणटणली. याला म्हणतात ढोलकी, असं भोंग्याच्या मनात आलं आणि लगेच लाजही वाटली.

मास्तरने पेटीवर सूर धरला. तिच्या कपाळाला आठी पडली. “मास्तर, ही काळी चार नाही. खालची पांढरी चार धरलीत तुम्ही.”

मास्तर भाता ओढत तोच सूर धरून राहिला.

“म्हातारा झालास,” भोंगा हसला. “बोटं वर घे की जरा.”

मास्तरने बोटं वर घेतली. भोंगा नेहमीच्या ऐटीत उभा राहिला, छाती भरून गायला लागला, आणि पहिल्याच चढाला त्याचा आवाज फाटला. खाकरून त्याने परत सुरुवात केली. परत फाटला. पुढच्या वेळी तर सूर आलाच नाही, नुसती हवा आली. ढोलकीवालीने हात आवरते घेतले आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. खाली शिंप्याचं मशीन चालूच होतं. ते थांबल्याचं आपण शेवटचं कधी ऐकलं, हे भोंग्याला आठवेना.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“वहिनी गेल्या तेव्हापासून.” मास्तर पेटीकडे बघत बोलत होता. “तेव्हा तुझा आवाज बसला तो परत वर गेलाच नाही. टिचक्या म्हणाला, याला कळू द्यायचं नाही. बायको गेली, त्यात गाणंही गेलं असं वाटलं तर हा माणूस उभा राहायचा नाही. मग हळूहळू खाली आणत गेलो. तू लोकांकडे तोंड करून गातोस, मागे माझी बोटं कुठे आहेत ते तुला काय दिसणार?”

“आणि ढोलकी?”

“पट्टीबरोबर तीही कड्या सैल करून उतरवावी लागायची, म्हणजे ढिलीच बोलणार. खालच्या सुराची दुसरी आणली असती तर तू ओळखलं असतंस. मी म्हटलं त्याला, अरे, तुझं नाव जाईल. म्हणाला, जाऊ दे.”

भोंगा चपला घालून तडक निघाला. टिचक्याची खोली गल्लीच्या टोकाला होती. माफी कशी मागायची, हे त्याला वाटेत सुचलं नाही.

दारापाशी तो थबकला. आत ढोलकी वाजत होती. ताणलेली, खणखणीत, चढ्या पट्टीतली. बोटं चामड्यावरून अशी पळत होती की ऐकणाऱ्याला दम लागावा. एकाही बोटाला थकवा नव्हता. इतके दिवस हे वाजवणं या माणसाने आपल्या पाठीमागे बसून दाबून ठेवलं होतं, आणि आपण त्याला ढिला म्हणालो. भोंग्याला रडू आवरेना. भिंतीला हात टेकवून तो तिथेच ऐकत राहिला.

बऱ्याच वेळाने त्याने दार वाजवलं. “टिचक्या, मी आहे रे.”

ढोलकी एकदम थांबली. दार मात्र लगेच उघडलं नाही. आतून एक ओळखीची खरखर ऐकू आली.

टिचक्या घाईघाईने ढोलकी उतरवत होता.