एका दमात

"पोरी, मधला हा श्वास काढून टाकतो. कानाला खुपतोय," काचेपलीकडून म्हातारा रेकॉर्डिस्ट म्हणाला. चाळीस वर्षं त्याने गायिकांचे आवाज असेच घासूनपुसून लख्ख केले होते.

"नको काका, राहू दे."

"अगं, तुझ्या त्या लाडक्या बाईंचं गाणं आठव. अख्खं कडवं एका दमात गायल्यात! म्हणून तर त्यांचा आवाज सगळ्यांहून वेगळा."

"तेच कडवं मी दहाव्या वर्षापासून एका दमात म्हणायला बघत होते. दर वेळी मधेच धाप लागायची. आपल्या गळ्यात गाणंच नाही असं समजून सतराव्या वर्षी नाद सोडला, तो पस्तिशीत परत धरला. आता माझं ऐकून दुसऱ्या कुठल्या पोरीने गाणं सोडायला नको. श्वास राहणार असेल तरच गाणं करायचं."

म्हाताऱ्याने बटणावरचं बोट उचललं.

"बरं, पुन्हा म्हण. आणि माईकच्या जरा जवळ ये, श्वास नीट ऐकू येऊ दे."

ती गायला लागली. म्हातारा मान खाली घालून ऐकत राहिला. त्या कडव्यात बाईंनी दोनदा श्वास घेतला होता. टेपवरून दोन्ही त्यानेच पुसले होते.