चंद्रव्वाचं पाणी

“आई गं! हे हलतंय की!” सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत सुंदरम्मा मागं सरली.

काचपट्टीवर कंबर तलावातला एक हिरवट थेंब होता. विज्ञानाच्या मुक्ताबाईंनी तो सकाळीच आणला होता. नववीच्या मुली एकेक करून वाकत होत्या आणि तोंड वाकडं करून उठत होत्या. थेंबात चपलेच्या तळासारखं काहीतरी केसाळ फिरत होतं. दुसरं एक आपलंच अंग ओघळवत पुढं जात होतं आणि वाटेत येईल ते पोटात घेत होतं.

“शेंबडाला पाय फुटल्यागत दिसतंय,” सुंदरम्मा म्हणाली. मागच्या बाकावरची एक ओकारी दाबत बाहेर पळाली.

त्या दिवसापासून शाळेतल्या माठाला कुणी हात लावेना. शाळेत पाणी भरणारी चंद्रव्वा पहाटे विहिरीचं पाणी शेंदायची, दुहेरी फडक्यातून गाळायची. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसा माठ धुवायची. पण मुली तिच्या ओगराळ्याकडं बघून थुंकायच्या. मार्चचं सोलापुरी ऊन. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत सुंदरम्माच चक्कर येऊन पडली.

मुख्याध्यापक शरणप्पा वर्गात आले. चंद्रव्वालाही बोलावलं.

“आज निकालच लावू. पाण्यात किडे दिसले तर उद्यापासून तू येऊ नको.”

चंद्रव्वाचा चेहरा उतरला. वळसंगला घरी तिच्या एकटीच्या पगारावर चूल पेटत होती.

“नऊ वर्सं झाली, सर. एका लेकराचं पोट दुखलं न्हाय.”

“तोंड चालवू नको. मला बघायचंय, पाणी घेऊन ये जा.”

ती गेली. पाण्याची वाटी दोन्ही हातांत धरून, नैवेद्य आणावा तशी हळू परत आली. मुक्ताबाईंनी थेंब काचेवर सोडला, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उजेडाकडं फिरवला. शरणप्पा वाकले.

बराच वेळ ते उठलेच नाहीत. थेंबात दोऱ्यासारखी अळी वळवळत होती. तिच्या पारदर्शक पोटातून काळा मळ पुढं पुढं सरकत होता.

“शी! शी! हे पाजतेस तू पोरींना? लाज न्हाय वाटत?” ते ओरडले. “चल, निघ इथून!”

तोंड दाबून ते तडक आपल्या खोलीत गेले. टेबलावरच्या तांब्याचं फिरकीचं झाकण काढलं आणि घटाघटा पाणी प्याले. घरच्या हौदातलं पाणी. शाळेतला थेंब त्यांनी कधी ओठाला लावला नव्हता.

तांब्या रिकामा झाला तेव्हा चंद्रव्वा दारात उभी होती.

“जाते, सर,” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. “पण तुमाला आमच्या माठातलं चालत न्हाय, म्हणून वाटीत ह्याच तांब्यातलं ओतून आणलं हुतं की.”