चाखायचा मान

दोन्ही कप सारखे दिसत होते. तोच फिकट पिवळा रंग, तसाच एकेक गोळा. बाबांनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि हातातला चमचा खाली ठेवला.

"आत्याला येऊ दे," ते म्हणाले.

आत्या पुढे गल्ल्यावर होती. शाळा नुकतीच सुटली होती आणि दुकानात पोरांची झुंबड उडाली होती. मागच्या खोलीत आइस्क्रीमच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती. नवं काही केलं की पहिला चमचा आत्याचा, ही दुकानाची रीत. बाबांची ती थोरली बहीण, तेव्हा चाखायचा मान तिचा. पण लेकीला आज थांबायला वेळ नव्हता. परगावच्या एका कंपनीने तिला प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. फळांचं आइस्क्रीम करू देत असाल तर मी इथेच राहते, नाहीतर जाते, असं तिने सकाळीच सांगून टाकलं होतं.

"आज तुम्हीच सांगा, बाबा," ती म्हणाली.

समोरच्या नव्या दुकानात फळांचे नाना प्रकार होते. यांच्याकडे साधं दुधाचं, बदामाचं आणि कॉफीचं. फळाचा विषय काढला की बाबांचं उत्तर तयार असे. दूध आणि फळ हा विरुद्ध आहार. दोघं पोटात भांडतात आणि पचनाची वाट लागते. लोकांच्या पोटाशी खेळून मला धंदा करायचा नाही. खरं तर तिच्या लहानपणी याच दुकानात आंब्याचं आइस्क्रीम मिळायचं. ते कसं चाललं, असं तिने विचारलं होतं. तेव्हा अक्कल नव्हती, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

तिला हे पटलं नाही, पण न तपासता मोडीत काढणंही तिच्या स्वभावात नव्हतं. ती वैद्यांकडे जाऊन आली. वैद्य म्हणाले, आंबट फळ दुधात नकोच, पण पूर्ण पिकलेला गोड आंबा चालतो. तुझ्या बाबांनाही मी हेच सांगितलं होतं, अशी पुस्ती त्यांनी जोडली. मग बाबा आंब्यालाही नाही का म्हणतात? दातात काही अडकावं तसा तो प्रश्न तिला छळत राहिला.

मग तिने स्वतः करून पाहिलं. ताज्या अननसाचा रस दुधात घातला की दुधातली प्रथिनं तुटतात आणि दूध कडू होतं. तोच अननस आधी शिजवून घेतला तर काही बिघडत नाही. नियमात तथ्य होतं, फक्त तो सरसकट नव्हता. हेच बाबांना जिभेने कळावं म्हणून तिने दोन कप केले होते. एकात शिजवलेला अननस, दुसऱ्यात ताजा. ताज्याचा रस तिने बेताने घातला होता, नुसतं बघून फरक कळू नये इतकाच.

बाबांनी पहिल्या कपातला चमचा तोंडात घातला आणि तिच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्यातला घातला. पुन्हा तिच्याकडेच पाहिलं. चाचणी घेणाऱ्याने चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं, हे ती शिकली होती. ती भिंतीसारखी उभी राहिली.

बाबांनी बराच वेळ लावला. शेवटी दुसऱ्या कपावर चमचा वाजवला.

"हा जमलाय," ते म्हणाले. आणि खात्री पटवायची असल्यासारखा त्यातलाच आणखी एक चमचा खाल्ला.

तो ताज्या अननसाचा होता. सकाळी त्यातलं बोटभर चाखून ती चुळा भरत बसली होती.

तेवढ्यात पदराला हात पुसत आत्या आत आली. मला सोडून सुरुवातही केलीत का, असं म्हणत तिने बाबांच्या हातातला चमचा घेतला, त्याच कपात बुडवला आणि तोंडात घातला. पुढच्या क्षणी ती मोरीवर वाकून थुंकत होती.

"कडूजहर आहे हे," ती म्हणाली. "आणि तू खात काय बसलास रे?"

लेकीने यंत्र बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

"केव्हापासून, बाबा?"

बाबांनी कप थोडा दूर सारला. मला तो मोठा ताप आला होता बघ, ते म्हणाले, तेव्हा तू कॉलेजात होतीस. ताप उतरला, पण चव परत आलीच नाही. दुधाचं काही अडत नाही. किती आटलं ते डावाने ढवळताना कळतं, साखर मापाने पडते. फळाचं तसं नसतं. एक गोड निघतं, एक आंबट, आणि ते फक्त जिभेला ठाऊक. मग वैद्यांच्या बोलण्यातलं निम्मं उचललं.

आत्या पदराने तोंड पुसत उभी होती.

"म्हणून दरवेळी माझं तोंड निरखत बसायचास होय," ती म्हणाली. "मला आपलं वाटायचं, बहिणीवर माया आहे."

बाबा हसले, पण त्यांची नजर लेकीकडे होती. तिचा चेहरा अजून तसाच होता, कोरा.

तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर, उजेडाकडे तोंड करून बसली. शिजवलेल्या अननसाचा कप जवळ घेतला, एक मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि चेहऱ्यावर जे येईल ते सगळं येऊ दिलं.