साक्षीयंत्राचा कौल

"आकडे नकोत, माणूस दाखवा!" विरोधी पक्षनेते सुरवसे गरजले आणि त्यांनी विधानसभेच्या मधोमध उभ्या असलेल्या साक्षीयंत्राकडे बोट केलं.

कामगारमंत्री वत्सला खोब्रागडे यांनी हातातला अहवाल मिटला. राज्य भरभराटीला आलंय, नऊ लाख लोकांच्या हाताला काम दिलंय, असं त्या आत्ताच छातीठोकपणे सांगून बसल्या होत्या. आता यंत्र त्या नऊ लाखांतला कुणीही एक जण स्वतःच निवडणार आणि भर सभागृहात त्याला फोन लावणार. गेल्या अधिवेशनात असाच एक जण "काम? कसलं काम?" म्हणाला होता आणि आधीच्या मंत्र्यांना उभ्या उभ्या राजीनामा द्यावा लागला होता.

यंत्रानं नाव काढलं, शेवंता मडावी, चंद्रपूर. घंटी वाजली. वाजतच राहिली. सुरवसे गालातल्या गालात हसू लागले.

अखेर पडद्यावर हेल्मेट घातलेल्या बाईचा घामेजलेला चेहरा उमटला. मागे कारखान्याची धडधड चालू होती.

"ताई, मी कामगारमंत्री बोलतेय. सरकारनं तुम्हाला काम..."

"कोन मंत्री? ड्युटीवर हाय मी, बाई! मशीन चालू हाय. जेवनाच्या सुट्टीत करा फोन!"

फोन कट झाला.

मग पहिला बाक वाजला तो विरोधकांचा, आणि बघता बघता सगळं सभागृह दणाणलं. पहिला बाक वाजवणारे सुरवसेच होते.

"जिंकलात, वत्सलाताई," ते हसत म्हणाले, "पण तिला आता परत फोन लावू नका. बाईचा खाडा लागेल!"