राजम्याच्या शिट्ट्या

संध्याकाळी सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या चार्जरलाच राहतील, असा नियम रेणूने काढला आणि त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याने, निमिषने, कुकर लावायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या त्या घरात ओट्याशी उभा राहून तो मोबाइलवर कॅसिनो खेळायचा. नाणी खोटी, पण खेळ झटपट. वरणभाताच्या तीन शिट्ट्यांत एक फेरी आटपायची. पुढे पुढे तेवढ्याने भागेना. मग तो सकाळीच राजमा भिजत घालू लागला, कारण राजम्याला शिट्ट्या जास्त लागतात. गेम ऑटोवर टाकून मधल्या वेळात कांदाही चिरू लागला.

रविवारी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर रेणूची आई म्हणाली, "अगं, जावईबापू चक्क छोले करताहेत! लग्नाच्या वेळी साधा चहा येत नव्हता त्यांना. केलंस तरी काय तू?"

रेणूने आवाज खाली आणला. "काही नाही गं आई. आधी त्याच्या फोनवर तो गेम टाकला, मग फोनचा नियम काढला."

आईने मान वळवून सोफ्यावर पेपर वाचत पसरलेल्या बाबांकडे एकदा नीट पाहिलं.

"मला लिंक पाठव."