जाळीवर आलेली टोपी

सांडपाणी आधी माझ्या जाळीवर येतं. चिंध्या, केस, पिशव्या मी दाताळ्यानं ओढून काढतो. पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो, त्यापुढच्या टाकीत हवा सोडली की जिवाणू उरलेली घाण खातात आणि शेवटच्या टाकीत नितळ पाणी येतं. तिथं माझा धाकटा भाऊ असतो. पाहुणे आले की साहेब त्यांना थेट त्याच्याकडे नेतात. माझ्याजवळून जाताना सगळ्यांच्या नाकाला रुमाल.

सोमवारी जाळीवर धाकट्याची टोपी आली. वर पाहिलं, तर पलीकडे शेवटच्या टाकीवर उभ्या त्याच्या डोक्यावर टोपी होतीच. संध्याकाळी तो म्हणाला, "दादा, वाऱ्यानं टोपी टाकीत गेली रे."

पाणी काही उलटं वाहत नाही. जाळीवरची टोपी मी चिंध्यांच्या ढिगात दडवली.

मंगळवारी सकाळी चष्मा आला. दुपारी त्याचा चष्मा टाकीत पडला. पडू दे की, साहेबांचा लाडका!

आज दाताळं जड लागलं. काळ्या पाण्यातून आधी बोटं वर आली. एका बोटात अंगठी होती, आईनं फक्त त्यालाच केलेली.

पलीकडे धाकटा टाकीच्या कठड्यावरून वाकून ओरडत होता, "दादा, पाहुणे आलेत! तूही ये ना!"

मी दाताळं हळूच पाण्यात सोडलं आणि त्याला हसून हात केला.