फाटकापाशी कोणी नव्हतं

कपात चमचा फिरला. ओसरीवर तेवढाच आवाज.

प्रभाकरराव मास्तरांनी चहा बशीत ओतला, पण उचलला नाही. पायरीपाशी जयवंता उभी होती. कडेवर तान्हं, लुगड्याला धरून पाच वर्षांची वेणू. मास्तर शाळेत शिकवत आणि देवळीच्या बातम्या नागपूरच्या पेपरला पाठवत.

"पुन्हा वाचा, मास्तर."

"वाचलं ना एकदा."

"तरी वाचा. मले माहं नाव आयकाचं हाय."

मास्तरांनी पेपर उचलला. 'येथील कापूस जिनातील महिला कामगारांचा संप मागे. पगारवाढीबाबत तडजोड. कामावरून कमी केलेल्या जयवंताबाईंना परत घेतले. आजपासून सर्व बाया कामावर.'

"पगारवाढ कोनं मांगितली?" जयवंता म्हणाली. "म्या कापसाच्या गंजीमागं लेकराले झोका बांधला, म्हून मले काढलं. बाया म्हने, हिले घ्या, लेकरायले सावली द्या. एवढंच तं होतं. अन् मले घेतलं कोनं? मी तं तुमच्या दारात उभी हावो."

"मॅनेजर म्हणाले, रात्रीतून मिटतंच आहे. मी आधीच कळवून टाकलं. नाही मिटलं, त्याला मी काय करू?"

"मले इचारलं अस्तं. माहं घर का मुंबईत हाय?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "खुलासा पाठवतो. आठवड्याभरात छापतील."

"बाया पेपर आज आयकून राह्यल्या, मास्तर."

तान्हं रडायला लागलं. तिनं उभ्याउभ्याच त्याला पदराआड घेतलं. जिनाचा भोंगा झाला. संप सुरू झाल्यापासून रोज या वेळेला ती जिनाच्या फाटकासमोरच्या निंबाखाली बसलेली असे. बाया यायच्या, आधी तिला बघायच्या, मग तिच्याभोवती बसायच्या. आज ती आधी इकडे आली होती, बातमी दुरुस्त करून घ्यायला.

गल्लीतून लीलाबाई पळत आली. जिनात तिच्या शेजारी काम करणारी. हातात नाकाला बांधायचं फडकं. जयवंताला बघून ती जागीच थांबली.

"अवं, तू इथं?"

"मंग कुठं राहू?"

"साऱ्या आत गेल्या ना वं! हॉटेलात पेपर वाचला. आमी म्हटलं, खोटं असन, फाटकावर पाहू. तिथं तू नाई. म्हटलं, म्हंजे जयवंता गेलीच आत. मी फडकं घ्याले घरी आली होती."

"जाय, सांग त्यायले."

"आत गेलेली बाई बाहीर निंगते का आता?"

दुसरा भोंगा झाला. लीलाबाईनं हातातल्या फडक्याकडे बघितलं.

"जाऊ का वं मी?"

जयवंतानं तान्ह्याचं डोकं पदरानं नीट झाकलं. लीलाबाई थोडा वेळ घुटमळली, मग खाली मान घालून जिनाच्या रस्त्याला लागली.

मास्तरांनी पेपराची घडी घातली. "आता खुलासा तरी कशाचा पाठवू? बाया तर गेल्या कामावर."

"अन् मी?"

"एकट्या तुझ्यापुरता पेपर खुलासा छापत नाही, जयवंता."

ती पायरीवर खाली बसली. वेणू केव्हापासून पेपराकडेच बघत होती. तिनं आईचा दंड हलवला.

"माय, पेपरात तू आत गेली ना? मंग आता आपून कुठं जाचं?"